पाण्यात कालवून पाजलेली कविता

"ही लिपी मला वाचता येत नाही" एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही. तोंड दुखत होतं असं नाही. पण मी पडलो अर्जनवीस. केजच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझी चटई, तिच्यावर कलमदान, आणि अवतीभवती गांजलेली माणसं. उर्दू, मोडी, बाळबोध, तिन्ही माझ्या हातातल्या. माझ्याहून शिकलेली माणसं कचेरीच्या आत बसायची, म्हणून बाहेर मीच शहाणा. लोक मुन्शीजी म्हणायचे आणि मी ते ऐकून मान थोडी मागे न्यायचो. घरात मान मागे न्यायची सोय नव्हती, त्यामुळे तिथली उणीव इथे भरून निघे.

फळं विकणारा एक बागवान माझ्याकडे आला. त्याचा बाप दम्यानं खाटेला लागलेला. त्याच्या हातात घडी केलेला कागद.

"मुन्शीजी, नवा कंपोडर आलाय ना दवाखान्यात, मद्राशी? अब्बाजवळ तासभर बसून गेला. काही बोलला नाही, नुसतं बघत बसला. जाताना उशाखाली हे ठेवलंय. क्या लिखा है?"

मी कागद उलगडला. चार ओळी. अक्षरं कशी, तर वाळूत किडे फिरून गेल्यावर उमटतात तशी गोल गोल. मी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उन्हाकडे केला. भोवती पाचसहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. वाचता येत नाही म्हणावं, तर उद्या माझ्या चटईवर कोण येणार? मी घसा साफ केला.

"तावीज आहे," म्हणालो. "पाण्यात कालवून पाज."

आमच्याकडे ही रीतच होती. पीरसाहेबाच्या दर्ग्यावरून लिहून आणलेला कागद पाण्यात बुडवायचा, शाई उतरली की ते पाणी दुखणाईताला पाजायचं. हिंदू काय, मुसलमान काय, सगळे प्यायचे. मीही लहानपणी प्यायलो आहे. बागवान हात जोडून गेला. म्हातारा ते सगळं पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

तो जाणारच होता. गेला महिनाभर तो एकेक श्वास उसना आणल्यासारखा घेत होता. पण त्याच्या पोरानं माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "आपण तर तावीज म्हणाला होतात." तेव्हा दुसऱ्यांदा खरं बोलायची वेळ आली, आणि मी दुसऱ्यांदा ती दवडली. म्हणालो, "तावीजच होता. पण लेख जड होता. सगळ्यांना झेपत नाही."

लेख जड होता. तीन शब्द. मी आयुष्यात हजारो अर्ज लिहिले, त्यातले बहुतेक आत वाचलेसुद्धा गेले नसतील. हे तीन शब्द मात्र आठवडाभरात युसूफ वडगावापर्यंत पोचले.

चार दिवसांनी कंपाउंडर स्वतः कडुलिंबाखाली आला. काळासावळा, उंच, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, इतका जुना की तो जन्मखूण वाटावा. त्याला मराठी अर्धं यायचं, दखनी अर्धी, आणि दोन्ही मिळून तो पूर्ण बोलायचा.

"मुन्शीजी, त्या म्हाताऱ्याच्या उशाला माझा कागद होता. सीताफळ कसं पिकतं ते त्यानं सांगितलं होतं, त्याच्यावर मी कविता केली. घरच्या लोकानं ठेवला का कागद?"

तेव्हा मला कळलं की आपण काय पाजलं.

"ठेवला," मी म्हणालो. "अगदी आत ठेवलाय."

अशी आमची ओळख झाली. दोस्ती म्हणायला मला लाज वाटते, कारण तिच्या पायातच हा दगड होता. पण रोज दुपारी कचेरी झोपली की मी दवाखान्याच्या ओसरीवर जायचो आणि तो मला वाचून दाखवायचा. दूर दक्षिणेला, समुद्राजवळच्या एका गावातला तो. तरुणपणी गोऱ्या पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला लागला, पलटणीमागून सिकंदराबादेत आला, बायको तिथेच बाळंतपणात गेली, मग निजामाच्या नोकरीत शिरला आणि तालुक्या-तालुक्यांतून फिरत आमच्याकडे पोचला. ह्या सगळ्या फिरतीत त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती. तीत वह्याच वह्या. पहाटे उठून अंघोळ करून दवाखाना उघडण्याआधी निदान दोन कविता, हा त्याचा नेम. तापात असला तरी. देवावर लिहायचा, तसा जळवांच्या बरणीवरही लिहायचा. दवाखान्याच्या तराजूवर, मांजरा नदीच्या कोरड्या पात्रावर, धनगराच्या घोंगडीवर, कावळ्यांवर.

"मुन्शीजी, आज कावळ्यावर तीन झाला."

"आमच्या कावळ्यांत एवढं काय आहे बुवा?"

"तुमचा कावळा लई बोलतो. आमच्याकडचा कावळा एवढा बोलत न्हाई." मग माझ्याकडे बघून हसून, "पाणी कमी, बोलणं जास्ती."

त्यातलं मला एक अक्षर कळत नसे. पण तो वाचायला लागला की पोत्यातून ज्वारी ओतावी तसा आवाज यायचा, सलग, भरीव. त्यांच्यात एक रीत आहे म्हणे, की एका कवितेचा शेवटचा शब्द घेऊन पुढची सुरू करायची, अशा शंभर गुंफायच्या, आणि शंभरावीचा शेवट पहिलीच्या तोंडाला आणून जोडायचा. मध्ये तोडायचं नाही. मी विचारलं, "तोडलं तर?" त्यानं वही मिटून टाकली.

वैशाखात पटकी आली. आधी नदीकाठच्या वस्तीत, मग गावात. सकाळी बोलून गेलेला माणूस संध्याकाळी नसायचा. डॉक्टर बीडला गेले ते तिथेच अडकले. दवाखान्यात राहिला हा एकटा. औषधाची बाटली घेऊन तो घरोघर फिरला. आणि फिरताना त्याची ती खोड. दुखणाईताजवळ बसायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं, खिशातून दवाखान्याचा पाठकोरा कागद काढून दोन ओळी टिपायच्या.

लोक बघत होते. तो ज्यांच्याजवळ बसून लिहितो ती माणसं जातात, हे त्यांनी बघितलं. तो फार आजारी असलेल्यांजवळच जास्त बसतो, हे कुणी बघितलं नाही. वाण्याच्या सुनेवर लिहिलं, गेली. कोष्ट्याच्या आईवर लिहिलं, गेली. ओढ्याकाठचा मोठा वड वावटळीत पडला. त्यावर त्यानं लिहिलं होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण लिहिलं होतं असं ठरलं.

"मुन्शीनंच सांगितलंय," लोक म्हणायचे. "त्याचा लेख जड हाय."

दवाखान्याची ओसरी ओस पडत गेली. तो गल्लीत आला की बाया लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या. दारं लागण्याचा आवाज त्याच्या पुढे पुढे जायचा. एकदा मी त्याच्याबरोबर चाललो होतो तेव्हा तो आवाज ऐकला, आणि खरं सांगतो, मी दोन पावलं मागे राहिलो. एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि हळद-कुंकू टाकलेलं होतं. त्यानं लिंबू उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"ह्याच्यावर दोन झाला," तो दुपारी म्हणाला. पण हसला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "काय वो, ते लेखाचं तुमीच बोललात म्हणत्यात, खरं का?"

"लोक काहीही म्हणतात."

"मी लोकांचं न्हाई इचारत हाय. तुमचं इचारते."

मी जेवणात लक्ष घातलं.

मग ज्येष्ठात एके दिवशी दहाबारा जण माझ्या चटईसमोर येऊन बसले. पुढे एक वजनदार शेतकरी, ज्याचा भाऊ आठवड्यापूर्वी गेला होता. "मुन्शीजी, अर्ज लिहायचाय. तालुकदारसाहेबांस्नी. मद्राशी कंपोडर जारण-मारण लिवतो. त्याच्या वह्या जप्त करून चौकात जाळाव्यात, आणि त्याला हितनं काढावं."

"आणि न्हाई काढलं तर?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमी हाओतच की."

ते 'हाओतच की' फार शांतपणे म्हटलेलं होतं. आरडाओरडा असता तर मी घाबरलो नसतो.

अर्जनवीसाचा धंदा असा, की समोरचा सांगेल ते लिहायचं. खून केला म्हणाला तर खून, नाही केला म्हणाला तर नाही. 'गरीबपरवर सलामत' म्हणून सुरुवात, आणि पुढे अर्ज करणाऱ्याला 'मी' म्हणायचं नाही, 'फिदवी' म्हणायचं, म्हणजे चरणाचा दास. मी नाही लिहिलं तर पलीकडच्या झाडाखाली दुसरा बसलेलाच होता. मी कलम उचललं. गरीबपरवर सलामत लिहिलं. फिदवी लिहिलं. पुढच्या ओळीत माझेच तीन शब्द लिहायची पाळी आली, तेव्हा कलम अडलं. इथे पुन्हा एकदा खरं बोलता आलं असतं. त्याऐवजी मी काहीतरी वीरश्रीचं बोलून बसलो. भित्र्या माणसाचं असंच होतं. खरं बोलायला धीर होत नाही, मरायला होतो.

"एक करू," मी म्हणालो. "त्याला माझ्यावर लिहायला लावतो. सगळ्यांसमोर. पुढच्या अवसेपर्यंत मी जिता राहिलो तर हा अर्ज मी तुमच्यासमोर फाडणार. मेलो, तर हाच अर्ज पलीकडच्या झाडाखाली पुरा करून घ्या, आणि त्यात माझंही नाव घालून द्या."

तो शेतकरी म्हणाला, "बगा बरं मुन्शीजी. लेकरंबाळं हायती." आणि त्याच्या आवाजात माझ्याबद्दल अशी कळकळ होती, की मी आत्ताच गेल्यासारखा त्यानं माझ्याकडे बघितलं.

कंपाउंडर आधी नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "असं उठून लिहिता येत न्हाई. दिवसभर समोर बसू द्या. मला बघू द्या."

जुम्याची सुट्टी होती. तो सकाळी आमच्या घरी आला आणि ओसरीवर बसला. मी दात घासले, तो बघत होता. मी बोरूला टोक केलं, जेवलो, शेजाऱ्याशी पाणंदीवरून भांडलो, घोरलो; तो बघत होता. दिवसभर कुणी आपल्याकडे असं बघितलं की आपण किती थोडं करतो ते कळतं. बायकोनं सणाला ठेवलेले तांदूळ काढून भात केला. त्यानं तो ताकात कालवून, डोळे मिटून, एकेक शीत मोजल्यासारखा खाल्ला. ती दाराआडून बघत होती.

"ह्ये माणूस काय कुणाला मारतंय," ती आत आल्यावर म्हणाली. "ह्याला कुणी तरी मारंल."

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली त्यानं कविता वाचली. चार ओळी. तीसचाळीस माणसं उभी होती. वाचून झाल्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी हसून दाखवलं. हसताना ओठ कोरडे पडलेले मला कळत होते.

पाचव्या दिवशी मला ताप भरला.

साधा हिवताप होता. थंडी वाजायची, तीन गोधड्या घेतल्या तरी खाट हलायची, मग घाम. दरवर्षी मला येतो. पण त्या वर्षी आमच्या घरासमोरून माणसं हळू चालायला लागली. दुपारच्या उन्हात समोरच्या भिंतीच्या सावलीला पाचसहा जण बसलेले असायचे. एक जण येऊन बायकोला विचारून गेला, मुन्शीजींचं कलमदान कुणाला द्यायचं ठरलंय का. तिनं त्याला जे उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. त्या सावलीतल्या माणसांत दोघांच्या हातात काठ्या होत्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या. माझा श्वास थांबला की ते उठून कुठे जाणार, हे मला गोधडीखालून दिसत होतं.

कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ त्यांच्यामधून चालत यायचा. कडू औषध पाजायचा, नाडी धरून बसायचा. एका दुपारी ताप डोक्यात चढलेला असताना मी त्याचा हात पकडला आणि सगळं सांगून टाकलं. कागद, तावीज, पाणी, जड लेख.

त्यानं विचारलं, "सगळं प्याला?"

"सगळं."

"इतकं पूर्ण माझी कविता कुणी घेतला न्हाई," तो म्हणाला. मला वाटलं तो हसेल. पण तो आपल्या बोटावरच्या डागाकडे बघत राहिला. "माझा आजा सांगायचा, आमच्याकडे जुन्या काळी कवीचं बोलणं राजाला जाळायचं. मी म्हणायचो, म्हाताऱ्याच्या गोष्टी. मुन्शीजी, मी त्या कवितेत म्हटलं होतं, फळ पिकलं की देठ सोडतं."

मला गोधडीतही गार वाटलं. ताप होता म्हणा.

"आणि माझ्यावर काय लिहिलंत?" मी घाईघाईनं विचारलं.

"ह्या माणसानं सगळ्या तालुक्याचा फिदवी लिहिला," तो सावकाश म्हणाला. "स्वतःचा लिहायचं राहिला."

नवव्या दिवशी ताप उतरला. अवसेच्या दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत कडुलिंबाखाली गेलो आणि सगळ्यांसमोर अर्ज टराटरा फाडला. मला वाटलं, संपलं. शाबासकीची अपेक्षा होती, हेही सांगून टाकतो.

शेतकऱ्यानं हात जोडले. मला नव्हे, दवाखान्याच्या दिशेनं. "म्हंजे त्याच्या मनात आलं तर तो सोडतो बी," तो म्हणाला.

तिथून जे सुरू झालं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. पायरीवर लिंबाच्या जागी आता नारळ यायला लागले. बाया लांबून पदर पसरायच्या: आमच्या घराकडं बघू नका बाबा, आमच्यावर लिहू नका. दारं लागणं थांबलं. लोक आता उभे राहून मान खाली घालायचे. त्याला लिंबू चालत होतं. ही खाली घातलेली मान चालेना. तो सगळ्यांना समजवायचा, हातवारे करायचा, आणि जितकं समजवायचा तितके ते जास्त वाकायचे.

मग आषाढात पंचक्रोशीतला एक वतनदार दमणीतून दवाखान्यात आला. सोबत गुळाची ढेप आणि तलम धोतरजोडी. चुलतभावाशी त्याचा जमिनीवरून वाद चालला होता. ओसरीवर मी बसलेलो असतानाच त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, "चारच ओळी. नाव मी सांगतो. मुन्शी आपलाच माणूस हाय, बाहेर जात न्हाई."

कंपाउंडर उठला, आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. वतनदार धोतरजोडी तिथेच ठेवून गेला. "घाई न्हाई म्हणावं," मला म्हणाला. "इचार करू द्या."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं, त्याच्या बोटावरचा डाग फिका झाला होता. चारपाच दिवसांत तो उरलाच नाही. मी विचारलं, "पहाटेचं?" तो म्हणाला, "बसतो. कावळा येतो. मी बघत न्हाई त्याच्याकडे." त्या शंभरांच्या माळेतल्या बासष्ट झाल्या होत्या, ती तिथेच थांबली. तीस वर्षांत ज्याचा एक दिवसही चुकला नव्हता, त्या माणसाच्या ओसरीवर आता नुसती पेटी होती आणि तिला कुलूप.

तेव्हा मी शेवटी धीर केला. बाजाराचा दिवस बघितला, चटईवर उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, की लोकहो, मला ती लिपी येत नव्हती. मी फुशारकीनं तावीज म्हणालो. लेख जड वगैरे काही नव्हता. तो माणूस सीताफळावर लिहितो, कावळ्यावर लिहितो. सगळं खोटं माझं आहे.

कुणीतरी हसलं.

"मुन्शीजी, तुमाला लिपी येत न्हाई? चला!"

"दोस्ताला वाचवायलेत बे," दुसरा म्हणाला. "मुन्शी लई भला माणूस हाय."

आणि तो बागवान, ज्याच्या बापाला मी ते पाणी पाजलं होतं, तो पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्यानं आपल्याला सोडलं ना, म्हणून आपण असं बोलता. समजतं आम्हाला." आयुष्यभर माझं खोटं खपलं, एकदा खरं बोललो, ते कुणी घेतलं नाही.

कंपाउंडरनं बदली मागितलीच होती. ती श्रावणात आली. वतनदाराचा माणूस त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता, आणि दुसऱ्या खेपेला गुळाबिळाशिवाय आला होता. ज्या सकाळी कंपाउंडरची गाडी मांजरसुंब्याच्या वाटेला लागली, त्या सकाळी मी कचेरीत काम आहे असं सांगून लवकर बाहेर पडलो. काम नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघवलं नसतं. कडुलिंबाखाली बसून मी बोरूला टोक करत राहिलो, बोरू संपेपर्यंत. गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला, तेव्हा मी चटईवर खाली बघत होतो.

दुपारी घरी आलो तर बायको जात्यावर बसलेली. तिनं मला बघितलं आणि दळत राहिली.

"येऊन गेले का?" मी विचारलं.

"आलते. वाटंसाठी भात दिला बांधून. वतनदारानं धोतरजोडी दिलती, ती परत करायला सांगून गेलेत. ती तुमी करा."

"काही बोलले?"

"नवं गाव कुठलं ते सांगितलं."

"कुठलं?"

तिनं जात्यात मूठभर ज्वारी टाकली. "मला सांगितलंय," ती म्हणाली. "तुमाला न्हाई सांगणार."

अजून सांगितलेलं नाही.